विजेचा शेवटचा उतार

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे जे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे, त्यात प्रत्येकी ६६० मेगावॅट क्षमतेचे पाच संच असून पाचही संच पूर्ण भाराने चालले असता त्यांतून ३३०० मेगावॅट वीज निर्माण होते, ही गोष्ट त्या जिल्ह्यात पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यांपैकी एका संचाची समग्र शक्ती ७६५ किलोव्होल्टांच्या वाहिनीवरून नेली, तर त्या वाहिनीच्या प्रत्येक फेजमधून वाहणारा प्रवाह अवघा पाचशे अँपियरांच्या आसपास भरतो, हे इंजिनिअरांखेरीज फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. आता या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणनकार्यासाठी एन्व्हिडिया कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या एच-१०० या चिपच्या सर्वांत बलिष्ठ आवृत्तीला सातशे वॅटपर्यंत शक्ती लागते. तिचा गाभा एक व्होल्टाहूनही कमी दाबावर चालतो. आणि स्मृती व इतर उपांगे यांचा वाटा वजा केला तरी त्या गाभ्यात शिरणारा प्रवाह पाचशे अँपियरांच्या पुढेच जातो. म्हणजे कोराडी, अकोला अशी मजल दरमजल करीत मराठवाड्याकडे जाणाऱ्या त्या प्रचंड मनोऱ्यांवरील तारांना जेवढा प्रवाह वाहावा लागतो, त्याहून अधिक प्रवाह टपाल-तिकिटाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याला पचवावा लागतो. ही संख्या कोणास अतिशयोक्त वाटली, तर वॅटांना व्होल्टांनी भागून तिची शहानिशा त्याने स्वतःच करावी.

विजेच्या वहनाचा सारा कारभार दोन साध्या नियमांवर चालतो. शक्ती ही दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराइतकी असते. आणि तारेच्या रोधामुळे उष्णतेच्या रूपाने जी शक्ती वाया जाते, ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या दुसऱ्या नियमातील 'वर्ग' या शब्दातच सगळी मेख आहे. प्रवाह निम्मा केला तर तूट चौथाईवर येते, दशांश केला तर शतांशावर येते. म्हणून तिरोड्याच्या जनित्रातून निघालेली वीज प्रथम रोहित्रांच्या साहाय्याने लाखो व्होल्टांवर चढवली जाते, आणि मुक्काम जवळ येईल तसतशी ती उपकेंद्रा-उपकेंद्रांतून पायरीपायरीने खाली उतरवली जाते: ४००, २२०, १३२, ३३, ११ किलोव्होल्ट, आणि अखेरीस गावच्या डीपीवरून घरात २३० व्होल्ट. या सोपानाचे मर्म एवढेच की उतार होता होईल तो ग्राहकाच्या दाराशी करावा. डीपी गावाबाहेर मैलभर ठेवली, तर शेवटच्या घरातील दिवा मिणमिणतो, हे खेड्यातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

घरात शिरल्यावरही उतार संपत नाही. मोबाइलच्या चार्जरात २३० व्होल्टांचे पाच किंवा नऊ व्होल्ट होतात. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दिष्ट प्रवाह होतो. बॅटरीत तो पावणेचार व्होल्टांच्या आसपास साठतो. आणि बॅटरीतून प्रोसेसरच्या गाभ्यापर्यंत जाता जाता पाऊण-एक व्होल्टावर येतो. प्रस्तुत प्रकरण आहे ते या शेवटल्या उताराविषयी, कारण सबंध प्रवासात लांबीने सर्वांत तोकडा आणि लांबीच्या मानाने सर्वांत खर्चिक असा टप्पा हाच होय. शंभर वॅटांचा प्रोसेसर एक व्होल्टावर चालत असेल, तर त्याला शंभर अँपियर लागतात. मदरबोर्डावरील तांब्याच्या पट्ट्या, सॉकेटच्या पिना आणि पॅकेजचे सांधे मिळून मार्गाचा रोध ओहमचा केवळ एक सहस्रांश भाग मानला, तरी शंभराचा वर्ग गुणिले एक सहस्रांश, म्हणजे दहा वॅट या इंच-दोन इंचांच्या वाटेतच गारद होतात. हीच शक्ती दोन व्होल्टांनी आणून चिपच्या आत एकावर उतरवली, तर प्रवाह पन्नास अँपियर आणि तूट अडीच वॅट. तिरोड्याच्या वाहिनीचा जो न्याय, तोच येथे लागू पडतो: उच्च दाबाने दारापर्यंत या, आणि दाराशी उतरा.

मग हे पूर्वीच का केले नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे एक उत्तर इतिहासात सापडते. कित्येक वर्षे अंकीय चिपा पाच व्होल्टांवर चालत असत. त्या अल्पसंतुष्ट होत्या, प्रवाह थोडा मागत, आणि वाटेतील तूट कोणाच्या हिशेबी येत नसे. १९७४ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले की ट्रान्झिस्टरची सर्व परिमाणे आणि त्याबरोबर दाबही एकाच प्रमाणात घटवत नेला, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागे खर्च होणारी शक्ती वाढत नाही. पुढील तीन दशके हा नियम या उद्योगाला वेदवाक्यासारखा होता. पाचाचे सव्वातीन झाले, सव्वातीनाचे दीड झाले, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात दाब एक व्होल्टाजवळ येऊन अडला. कारण त्याखाली उतरावे तर बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही प्रवाह झिरपत राहतो. ट्रान्झिस्टरांची संख्या मात्र वाढतच राहिली. दाब खाली अडलेला आणि शक्तीची मागणी चढती, अशा कात्रीत सापडल्यावर प्रवाह बेसुमार फुगला, आणि जी तूट पूर्वी किरकोळ सदरात पडत असे ती मुख्य खर्चाच्या बाबीत येऊन बसली.

दुसरे उत्तर पदार्थविज्ञानातील आहे. रोहित्र चालते ते प्रत्यावर्ती प्रवाहावर. चिपच्या परिसरात सगळाच व्यवहार दिष्ट प्रवाहाचा. शिवाय पन्नास हर्ट्झच्या रोहित्राला किती लोखंड लागते हे डीपीकडे पाहिले की कळते. दिष्ट दाब उतरवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाटेत एक आज्ञाधारक रोध ठेवून नको असलेले व्होल्ट त्यात जाळून टाकणे. या पद्धतीचे नियामक आकाराने लहान, स्वभावाने शांत आणि चिपवर सहज मावणारे असतात, आणि संवेदनशील भागांसाठी आजही सर्रास वापरले जातात, परंतु १.८ व्होल्टांचे ०.९ करताना ते निम्मी शक्ती उष्णतेत घालवतात. दुप्पट वसुली करून निम्मी रक्कम चुलीत घालणाऱ्या कारभाराला कोणी कार्यक्षम म्हणणार नाही.

खरा उपाय आहे तो खंडित परिवर्तकाचा. यात ट्रान्झिस्टरचा स्विच १.८ व्होल्टांची वाट क्षणभर उघडतो व क्षणभर मिटतो. निम्मा वेळ उघडी आणि निम्मा वेळ मिटलेली राहिली, तर पलीकडे सरासरी ०.९ व्होल्ट पडतात, आणि ही सरासरी गुळगुळीत करण्याचे काम तारेचे एक वेटोळे, ज्याला कारागीर कॉइल म्हणतात, आणि एक धारित्र अशी जोडी करते. वाट उघडी असता कॉइल आपल्या चुंबकक्षेत्रात ऊर्जा साठवते, वाट मिटताच तीच ऊर्जा परत करते, आणि प्रवाह खंडित होऊ देत नाही. यात जाणूनबुजून जाळण्याजोगे काहीच नसल्यामुळे आदर्श स्थितीत तूट शून्य. व्यवहारात स्विचचा रोध, कॉइलच्या तारेचा रोध आणि स्विच दर वेळी उघड-मीट करण्यासाठी खर्च होणारी ऊर्जा, एवढी वजावट धरावी लागते.

या जोडीतील कॉइल हीच या विषयातील खरी अडचण आहे, हे पाहायचे तर पाठ्यपुस्तकापेक्षा गोंदियाच्या बाजारातील किंवा आमगाव, देवरी, अर्जुनी-मोरगाव अशा तालुक्याच्या गावातील मोबाइल-दुरुस्तीचे दुकान अधिक उपयोगी. कारागीर फोनचा बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरतो, वरचे पत्र्याचे झाकण गरम हवेने उचलतो, आणि ज्याला तो 'पॉवर आयसी' म्हणतो ती काळी चौकोनी चिप समोर येते. तिच्या भोवताली करड्या-काळ्या रंगाच्या, तांदळाच्या दाण्याहून मोठ्या नसलेल्या विटांची रांग असते. त्या साऱ्या कॉइली. त्यांतील एक प्रोसेसरच्या गाभ्याची, एक स्मृतीची, एक कॅमेऱ्याची, अशी ज्याची त्याची 'लाइन' वाटून दिलेली असते. "लाइन शॉर्ट आहे, काका," असे म्हणून तो बोर्डावर रोझिनचा धूर धरतो. बोर्डावर पांढरा पातळ थर जमतो. मग सप्लायमधून त्या लाइनीला एखादा व्होल्ट देतो, आणि ज्या ठिकाणचा पांढरा थर प्रथम वितळून काळा डाग उघडा पडतो, तेथले धारित्र निकामी झाले, असा निवाडा करतो. प्रवाहाच्या वर्गाचा नियम तपासाच्या कामी लावणारी याहून स्वस्त युक्ती मी पाहिलेली नाही. पण मुद्द्याची गोष्ट पुढे आहे: सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या चौकटीत पॉवर आयसीने जेवढी जागा व्यापलेली असते, तिच्याशी स्पर्धा करील एवढी जागा त्या कॉइली अडवून बसलेल्या असतात. ट्रान्झिस्टर पन्नास वर्षांत अणुरेणूंच्या मापाकडे गेला. कॉइल मात्र तांबे आणि चुंबकीय पदार्थ यांच्या घनफळाला बांधलेलीच राहिली.

कॉइल लहान करण्याचा एक मार्ग अर्थात आहे. स्विच जितक्या वेगाने उघड-मीट करावा, तितकी दर खेपेला साठवायची ऊर्जा कमी, आणि तितकी कॉइल लहान. मात्र वेग वाढवला की स्विचची स्वतःची तूट वाढते, आणि लोखंडासारखे चुंबकीय गाभे अतिवेगाने उलटसुलट चुंबकित होऊ लागले की त्यांच्या आत भोवरी प्रवाह माजून ते स्वतःच तापतात. म्हणून कोटी-कोटी हर्ट्झच्या प्रदेशात लोखंडाला रजा देऊन निव्वळ हवेच्या गाभ्याची कॉइल वापरावी लागते.

या दिशेच्या प्रयत्नांत मराठी वाचकाला ओळखीची वाटतील अशी आडनावे भेटतात. इंटेलच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात २३३ मेगाहर्ट्झवर चालणारा, चार फेजांचा, पॅकेजवर बसवलेल्या हवेच्या गाभ्याच्या कॉइली वापरणारा परिवर्तक वर्णिला असून त्याची कार्यक्षमता ८० ते ८७ टक्के भरली. त्याच्या लेखकांत पीटर हाझुका, गेऱ्हार्ड श्रोम, विवेक डे यांच्याबरोबर तनय कर्णिक आणि शेखर बोरकर ही नावे आहेत. बोरकर हे मुंबई विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून पुढे अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात गेले व १९८१ पासून इंटेलमध्ये राहिले. शक्तीचा खर्च हाच चिपच्या प्रगतीतील मुख्य अडसर ठरणार, हे ज्यांनी पुष्कळ आधी ठामपणे सांगितले त्यांत त्यांची गणना होते. चार फेज म्हणजे चार लहान परिवर्तक पाळीपाळीने चालवायचे, जेणेकरून एकाच्या प्रवाहाचा चढ दुसऱ्याच्या उताराने भरून निघावा. ८७ टक्के हा आकडा बाहेरच्या चांगल्या परिवर्तकापुढे फिका होता, हे खरे; पण चिपच्या अंगाखांद्यावर एवढे साधते, हे सिद्ध होणे हीच त्या दिवशीची कमाई होती.

आठ वर्षांनी, २०१३ मध्ये, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या 'हॅसवेल' प्रोसेसरांत हा परिवर्तक बाजारात आला. मदरबोर्डाकडून १.८ व्होल्ट घ्यायचे, प्रोसेसरच्या सिलिकॉनवरील स्विच १४० मेगाहर्ट्झने चालवायचे, आणि पॅकेजच्या तांब्याच्या थरांतच कोरलेल्या कॉइलींतून गाभ्यांना पाहिजे तो दाब द्यायचा, अशी ही योजना होती, आणि कार्यक्षमता नव्वद टक्क्यांपर्यंत पोचली. १४० मेगाहर्ट्झ म्हणजे गावच्या डीपीतील पन्नास हर्ट्झच्या अठ्ठावीस लाख पट. लोखंडाचे घनफळ कोठे गेले याचा जाब हा एक भागाकार देतो.

दारापर्यंत उच्च दाब आणणे एवढाच या योजनेचा लाभ असता, तर कदाचित इतका खटाटोप झाला नसता. चिपमधील क्रियेचा खर्च दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १ व्होल्टाऐवजी ०.८ व्होल्टावर काम भागले, तर दर क्रियेमागे ३६ टक्के ऊर्जा वाचते. प्रोसेसरात चार गाभे असून एकालाच जड काम असेल, तर उरलेल्या तिघांना चढ्या दाबावर ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. पण प्रत्येकासाठी मदरबोर्डावर स्वतंत्र परिवर्तक मांडणे जागेअभावी अशक्य. परिवर्तक आत आला की प्रत्येक गाभ्याचे खाते वेगळे करता येते, आणि दाब बदलण्याचा हुकूम अत्यल्प काळात बजावता येतो.

काळाचा हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. झोपलेला गाभा जागा झाला की त्याची मागणी एका नॅनोसेकंदात दहा अँपियरांनी उसळू शकते, आणि प्रत्येक तारेला, ती कितीही सरळ असली तरी, थोडे प्रवर्तन, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला अडवण्याचा कॉइलीचाच गुण, असतेच. ते अवघे दहा पिकोहेन्री असले, तरी वरील उसळीने दाब दशांश व्होल्टाने खचतो. एकूण दाब ०.८ असता ही आठव्या हिश्श्याची खोट झाली, आणि हिशेब चुकायला तेवढी पुरते. यावरचा उपाय भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात फार पूर्वी अमलात आलेला आहे. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेले, मालगुजारी अमदानीत मालगुजारांच्या वहिवाटीत राहिलेले, आणि १९५० च्या कायद्याने ते हक्क खालसा झाल्यावर सरकारजमा होऊन 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा', या नावाने दफ्तरात नोंदले गेलेले जे तलाव त्या भागात आहेत, ते बांधीच्या लगत असल्यामुळे रोवणीच्या ऐन दिवसांत पावसाने दडी मारली तर त्यांचे पाणी ताबडतोब पऱ्ह्यांना मिळते; दूरच्या धरणाचे पाणी कालव्याने यथावकाश येते. धारित्रांची मांडणीही अशीच असते. ट्रान्झिस्टरालगत अतिसूक्ष्म, पॅकेजवर त्याहून मोठी, मदरबोर्डावर सर्वांत मोठी. पहिल्या नॅनोसेकंदाची तहान जवळचा साठा भागवतो, आणि तो आटण्यापूर्वी मागचा पोचतो. परिवर्तक स्वतःच चिपमध्ये आला की मधला लांब कालवाच नाहीसा होतो, आणि एरवी खोट पडेल या धास्तीने जो दाब कायमचा थोडा चढा ठेवावा लागतो, तो उतरवता येतो.

इतके गुण असता २०१५ च्या 'स्कायलेक' पिढीतून इंटेलने हा परिवर्तक मुख्य प्रोसेसरांतून काढून पुन्हा मदरबोर्डावर पाठवला. त्यामागची कारणे बोधप्रद आहेत. शंभर वॅटांच्या चिपला नव्वद टक्के कार्यक्षमतेने वीज पुरवायची, तर अकरा वॅट परिवर्तकातच उष्णता होऊन निघतात. परिवर्तक बाहेर असता ही उष्णता मदरबोर्डावर विखुरते, आत असता ती सर्वांत तापलेल्या सिलिकॉनच्या माथी बसते. फोन किंवा लॅपटॉप बहुतेक वेळ जवळजवळ निष्क्रिय असतो, आणि त्या अल्प भारावर इतक्या वेगाने चालणाऱ्या स्विचचा स्वतःचा खर्चच डोईजड होतो. त्यात कॉइलींची जाडी. २०१४ मधील 'ब्रॉडवेल' पिढीच्या अत्यंत पातळ लॅपटॉपांसाठी त्या कॉइली पॅकेजच्या पोटाखाली वेगळ्या लहान पाटीवर लावल्या गेल्या, आणि ती पाटी सामावून घेण्यासाठी मदरबोर्डालाच भोक पाडावे लागले. इतकी नामुष्की पत्करूनही कॉइल शेवटी कॉइलच राहिली. पुढे २०१९ च्या 'आइस लेक' पिढीत अंतर्गत परिवर्तक परत आला. म्हणजे प्रश्न निकाली निघालेला नव्हता, तहकूब झाला होता.

कॉइलीला अजिबात फाटा देण्याचा पंथही जोरात आहे. १९३२ मध्ये केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमचा अणुगर्भ फोडला, तो धारित्रांच्या शिडीने लाखो व्होल्ट चढवून. १९७६ मध्ये जॉन डिक्सन यांनी तीच शिडी चिपवर आणून दाब वाढवण्यासाठी वापरली. आणि उलट बाजूने चालवली की हीच शिडी दाब उतरवते. दोन धारित्रे एकापुढे एक जोडून भरायची व शेजारी-शेजारी जोडून रिती करायची, की निम्मा दाब मिळाला. धारित्र हे सिलिकॉनला मानवणारे उपांग आहे. स्मृतीच्या चिपांसाठी सिलिकॉनमध्ये खोल चर खोदून धारित्रे करण्याची कला आधीच सिद्ध होती, तिचाच उपयोग करून आयबीएमच्या लेलँड चँग व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दर चौरस मिलिमीटरला २.३ अँपियर देणारा, नव्वद टक्के कार्यक्षमतेचा निम्मा-दाब परिवर्तक संपूर्णपणे चिपवर बांधून दाखवला. यातील दोष असा की रिकाम्या धारित्राला स्थिर दाबाच्या उगमाशी जोडून भरले, तर उगमाने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी वाटेत नष्ट होते, मग वाटेचा रोध कितीही अल्प असो. म्हणून धारित्र कधीच फारसे रिते होऊ न देता वारंवार थोडेथोडे भरावे लागते. शिवाय शिडीचे प्रमाण ठरलेले. १.८ चे ०.९ उत्तम होतात, ०.७ हवे असतील, तर उरलेला फरक पुन्हा त्या जाळणाऱ्या रोधासारखाच जळतो. म्हणून आता धारित्रांची शिडी आणि लहानशी कॉइल यांचा संकर करण्याकडे संशोधकांचा कल आहे, आणि दुसरीकडे कोबाल्टच्या मिश्रधातूंचे, थराथरांत विलग केलेले पातळ चुंबकीय पापुद्रे सिलिकॉनवर चढवून कॉइलीला तिचा गाभा परत देण्याचे प्रयोग चालू आहेत.

या साऱ्या वादात नव्वद श्रेष्ठ की पंच्याण्णव, अशी टक्क्यांची तुलना करणारे लोक एक गोष्ट विसरतात. मदरबोर्डावरचा परिवर्तक पंच्याण्णव टक्के सांगतो तो स्वतःच्या टोकापर्यंतचा. तेथून ट्रान्झिस्टरपर्यंतची तूट आणि धास्तीपोटी ठेवलेला चढा दाब त्याच्या खात्यात पडत नाही. आतला परिवर्तक नव्वद सांगतो, पण त्याच्यापुढे वाटच उरलेली नसते. आणि त्याच्या आधी बारा व्होल्टांचे १.८ करणारा दुसरा परिवर्तक लागतो, त्याची तूट मात्र तोही सोयीस्करपणे गाळतो. दोन्ही पक्षांचे जमाखर्च बारा व्होल्टांपासून ट्रान्झिस्टरपर्यंत एकाच तक्त्यात मांडले, तर माझ्या मते निकाल उपकरणागणिक वेगळा लागतो. शेकडो अँपियर ओढणाऱ्या, रात्रंदिवस जुंपलेल्या सर्व्हरच्या चिपला परिवर्तक आत, निदान पॅकेजच्या पोटात, घेण्यावाचून गत्यंतर नाही, कारण तिच्या बाबतीत वाटेची तूटच मातब्बर आहे. बहुतेक वेळ खिशात निजलेल्या फोनसाठी मात्र, चुंबकीय पापुद्र्यांची कॉइल स्वस्तात सिलिकॉनवर उतरेपर्यंत, गोंदियाच्या कारागिराला दिसणारी ती विटांची रांग आहे तेथेच ठेवणे शहाणपणाचे आहे.